कुलपाआडचा तांब्या

मित्रांनो, मी पितळेचा जुना तांब्या आहे. सोनगीरच्या एका तांबटाने मला ठोकून गोल केलं, आतून कल्हई दिली आणि रुपचंद आबा मला नरडाण्याला घेऊन आले. तिथल्या रेल्वे स्टेशनवर ते प्रवाशांना पाणी देण्याच्या नोकरीत होते. गाडी थांबली की खिडक्यांतून ओंजळी बाहेर येत. आबा मला बादलीत बुडवत आणि बारीक, सरळ धार सोडत. स्वतः पिताना ते मान मागे टाकत आणि मला ओठ न लावता वरून गटगट पाणी पीत. "अशी धार बठ्ठा टेसनमा कोनी नही," असं ते म्हणत, म्हणजे अख्ख्या स्टेशनात अशी धार कुणाची नाही.

आबा निवृत्त झाल्यावर मी भरलेला त्यांच्या खाटेखाली राहू लागलो. मग १९८८च्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. धुळ्याच्या दवाखान्यातून परतले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं जड झालं होतं.

डॉक्टरांनी सून पुष्पाबाईला नीट समजावलं होतं. गिळताना श्वासाची वाट मिटते; आबांची आता उशिरा मिटते. पातळ पाणी वेगाने घसरतं आणि ती मिटण्याआधीच फुप्फुसात शिरतं. त्यातून न्यूमोनिया होतो. म्हणून पाणी दाट करून, हनुवटी खाली घेऊन, चमच्याने द्यायचं. मान मागे टाकून कधीच नाही.

पुष्पाबाई पाण्यात आरारूट शिजवून गार करू लागली. आबांनी पहिलाच चमचा तोंडाबाहेर काढला.

"ही खळ शे. जाय, भिताडले कागद चिकाड."

"खळ म्हना, काहीबी म्हना आबा, पन पी ल्या."

ती चुलीकडे वळताच आबांनी डाव्या हाताने मला खाटेखालून ओढलं. एका घोटात त्यांना एवढा ठसका लागला की डोळे पांढरे झाले. त्याच दिवशी पुष्पाबाईने घरातल्या पिण्याच्या पाण्यासकट मला भिंतीतल्या जाळीच्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

जाळीतून मला खाट दिसायची, खाटेवरून आबांना मी दिसायचो. पाणी गार असलं की माझ्या पोटावर बाहेरून थेंब जमत. आबा ते थेंब ओघळताना पाहत राहत. त्यांची जीभ ओठांवरून फिरायची. मी भरलेला होतो आणि त्यांच्या काही उपयोगाचा नव्हतो.

सोनगीरहून त्यांची बहीण ताईबाई भेटायला आली.

"माय वं, पानीले कुलूप? आसं कोठे ऱ्हास का?"

पुष्पाबाईने तिला सगळं सांगितलं. ताईबाईने मान हलवली आणि म्हणाली, "बरं. माले तीस लागनी, किल्ली दे." आलेल्या माणसाला आमच्याकडे पाण्यासाठी नाही म्हणत नाहीत. पुष्पाबाईने किल्ली दिली आणि ती अंगणात कपडे वाळत घालायला गेली.

"ले भाऊ, पी," ताईबाई हळूच म्हणाली. आबांनी मान मागे टाकली. तिने मला वरून कलतं केलं. त्या दोन घोटांचं समाधान आबांच्या चेहऱ्यावर मला अजून दिसतं. मग खोकला सुरू झाला, तो थांबेना. ओठ काळेनिळे पडले, ताप चढला, आणि आबांना पुन्हा धुळ्याला न्यावं लागलं. रिकाम्या घरात माझ्यातलं पाणी शिळं होत गेलं.

आबा वाचले, पण घरी येऊन त्यांनी तोंडच मिटून घेतलं. दाट पाणी नको, काहीच नको. जीभ लाकडासारखी कोरडी झाली. पातळ पाण्याने जे झालं नाही, ते आता पाण्यावाचून होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

पुष्पाबाईने कुलूप काढलं. मला चिंचेने घासलं, माझ्यात गार झालेलं दाट पाणी भरलं आणि मला आबांच्या डाव्या हातात दिलं. खाली वाटी धरली.

"आबा, धार तुम्हीच सोडा."

आबांनी मला कलतं केलं. पाणी माझ्या काठावर आलं, थबकलं, मग सावकाश वाटीत उतरलं. 

"ही धार शे का? ही ते मालगाडी शे."

"मालगाडी बी टेसनवर पोचसच ना, आबा."

आबांच्या ओठाची एक बाजू हलली. दाराशी बसलेली ताईबाई उठली आणि तिने चमचा हातात घेतला.

"मुंडकं खाले, भाऊ."

हनुवटी छातीशी आली. घोट गेला. तिघंही कान देऊन थांबली. खोकला आला नाही.

आता कपाटाला कुलूप नाही. मित्रांनो, तुमच्या घरी असं कुणी असेल तर कीव करून पातळ पाणी देऊ नका. पण त्यांना कुलपासमोरही बसवू नका. दाट पाणी त्यांच्याच भांड्यात द्या, आणि ते भांडं लगेच घासा, कारण दाट पाणी तळाला चिकटून बसतं.

आमची सुटका झाली, असं मी म्हणणार नाही. स्टेशनकडून गाडीची शिटी आली की आबांची मान आपोआप मागे जाऊ लागते. मग ते माझ्याकडे पाहतात आणि तिला परत खाली आणतात.