सहावं ताट

"आज पुन्हा तेच?"

दारात पाऊल टाकल्या टाकल्या वाढप्याने तोफ डागली. पायातले बूटही अजून सुटले नव्हते, पण नाकाला वास लागला होता. लसूण, टोमॅटो आणि रटरटणारा पास्ता. आठवड्यातली ही तिसरी खेप.

"हो, तेच," गॅसपाशी उभी असलेली बायको मागे न बघता म्हणाली. "एक पातेलं, एक जेवण. खायचं तर खा, नाहीतर खानावळी उघड्या आहेत."

हा गृहस्थ एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये वाढपी होता. रोज दुपारी तीनशे माणसांना वाढायचा आणि त्याचा त्याला कोण अभिमान! 'माझ्या पळीखालून एकही माणूस अर्धपोटी गेलेला नाही,' असं तो रस्त्यात कोणालाही थांबवून ऐकवायचा. आता मंडळी, बाहेर मिरवणारी माणसं घरात कशी असतात हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको. घरात त्याने जन्मात पळीला हात लावला नव्हता. खुर्चीत बसायचं, ताट समोर आलं की नावं ठेवायची, खायचं आणि उठायचं.

घरात माणसं सहा. तो, बायको, म्हातारी आई, शाळेत जाणारी दोन मुलं आणि नोकरी गेल्यावर 'चार दिवस राहतो' म्हणून आलेला धाकटा भाऊ. त्या चार दिवसांचे आठ महिने झाले होते. पण वाढपी बायकोच्या हातावर वाणसामानाचे पैसे ठेवायचा ते अजून पाच माणसांचेच. वर म्हणायचा, "भागव त्यात. बाकीच्या बायका नाही भागवत?"

बायको दिवसभर एका शिवणकारखान्यात मशीनवर पिशव्या शिवायची. तिचा पगार घरभाडं आणि मुलांची फी यांतच गडप व्हायचा. मग शेजारच्या मशीनवरच्या बाईकडून तिने ही युक्ती उचलली. पातेल्यात कांदा-लसूण परतायचा, टोमॅटो मऊ करायचे, गाजर आणि घेवड्याचे शिजवलेले दाणे टाकायचे, त्यातच कोरडा पास्ता आणि बेताचं पाणी. पाणी ओतून द्यायचं नाही, त्यानेच रस दाटतो. अर्ध्या तासात सगळ्यांचं जेवण तयार. पोटं भरतात, गॅस वाचतो आणि घासायला भांडं एकच. वाईट काय होतं हो त्यात? पण नाही!

"सगळं एकात कोंबायचं आणि पुढ्यात आदळायचं," आई खाटेवरून करवादली. "गुरांना आंबोण घालतात ते याहून बरं. आमच्या वेळी असलं केलं असतं तर सासूने पातेल्यासकट बाहेर काढलं असतं."

"आणि पुरतसुद्धा नाही," धाकट्याने री ओढली. "काल मी परत मागितलं तर वहिनीने पातेलं उपडं करून दाखवलं."

"भाऊजी, काल तुम्ही तीनदा घेतलंत," बायको म्हणाली.

"बघ दादा! आता माझे घास मोजतेय!"

झालं! वाढप्याचं डोकं सणकलं. घरात आपल्या भावाचे घास मोजले जातात? तो ताडताड ओट्यापाशी गेला, बायकोच्या हातातली पळी हिसकावली आणि त्याने पातेल्यात डोकावलं.

"मला शिकवू नकोस. तीनशे ताटं वाढतो मी रोज. पातेल्यात नुसतं बघितलं की सांगतो किती माणसांचं आहे ते." त्याने पळी तळापर्यंत घालून पास्ता ढवळला, एकदा कडेला बघितलं, एकदा मध्ये. मग पळी खाडकन ओट्यावर ठेवली. "पाच! हे पाच ताटांचं आहे. आपण माणसं किती? सहा! बोल, कोणाचं ताट मारतेस तू?"

"माझंच असणार," आई म्हणाली. "म्हातारीला काय, अर्ध्या पळीत उरकायचं."

"नाहीतर माझं," धाकटा म्हणाला.

मुलं भिंतीला टेकून उभी राहिली होती. बायकोने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडे सरळ बघितलं.

"सहावं ताट माझं," ती म्हणाली. "माझंच मारते मी. आठ महिने झाले."

वाढप्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. बायको रोज सगळ्यांना वाढायची, मग ओट्याशी पाठमोरी उभी राहून काहीतरी खायची. काय खायची ते त्याने कधी बघितलं नव्हतं. पूर्वी तीन भांड्यांचा स्वयंपाक असायचा तेव्हा तळाशी इकडचं तिकडचं उरायचं, त्यावर ती दिवस काढायची. आता एकच पातेलं, तेही चाटून पुसून साफ. मग चहात पाव बुडवायचा की झालं जेवण.

पण चूक कबूल करील तो नवरा कसला! "कोणी सांगितलं होतं उपाशी राहायला?" तो ओरडला. "मी सांगितलं? आईने सांगितलं? नाटकं नुसती! उद्या लोक म्हणतील, नवरा गावाला जेवू घालतो आणि बायकोला उपाशी ठेवतो!"

"म्हणू देत. खोटं काय आहे त्यात?"

तिने कपाटावरची घडी घातलेली चिठ्ठी काढली आणि त्याच्यापुढे धरली. शिवणकारखान्यातल्या नर्सबाईंनी लिहिली होती. सोमवारी मशीनवर तिला चक्कर आली होती. सुई बोटाच्या नखाशेजारून गेली, थोडक्यात निभावलं. अंगात रक्त फार कमी. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी, आणि त्यात सुधारणा दिसली नाही तर मशीनवरून कमी करणार.

"अकरा वर्षं शिवतेय मी," ती म्हणाली. "ते मशीन गेलं तर माझ्याकडे काही उरत नाही. आणि तुम्ही मला पळीचा हिशेब विचारता?"

त्या संध्याकाळी तिने पाच ताटं वाढली आणि ती तडक मुलांच्या खोलीत निघून गेली. वाढपी मात्र जेवला बरं का! रागारागाने जेवला, पण जेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कॅन्टीनमधली गर्दी ओसरल्यावर त्याने मावशीपुढे गाऱ्हाणं मांडलं. मावशी म्हणजे तिथली मुख्य स्वयंपाकीण. तीस वर्षं मोठमोठ्या पातेल्यांशी झुंजलेली बाई, आवाज असा की बाहेर मालट्रक थांबेल. वाढप्याला वाटलं, वयाने मोठी आहे, आपली बाजू घेईल.

"मावशी, तुम्हीच सांगा. मी उपाशी राहा म्हटलं का तिला? आपल्या मनाने राहते आणि वर मलाच बोल लावते."

मावशीने हातातलं फडकं बादलीत टाकलं. "आज किती वाजता जेवलास?"

"साडेअकराला. रोजच्यासारखा."

"आणि कामगार किती वाजता येतात?"

"बाराला."

"म्हणजे त्यांच्या आधी जेवलास. का रे? जास्त शहाणा लागून गेलास?"

"तुमचाच तर नियम आहे. वाढणाऱ्याने आधी जेवायचं."

"का केला मी तो नियम, ठाऊक आहे?"

वाढपी डोकं खाजवू लागला. सात वर्षं नियम पाळत होता, पण कारण कधी विचारलं नव्हतं.

"तुझ्या आधी इथे एक बाई वाढायला होती," मावशी म्हणाली. "सगळ्यांचं झालं की जेवायची. गरम रश्शाच्या पातेल्यावर घेरी येऊन पडली. हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हा मी ठरवलं, अन्नापाशी उभं राहणाऱ्याचं पोट आधी भरायचं. मग मालक काय म्हणतो याची मला पर्वा नाही. तू बाप्या, म्हणून तुला हा नियम बरा गोड लागतो! पगार घेऊन वाढतोस तर आधी जेवतोस, आणि ती फुकट वाढते तर तिने शेवटी जेवायचं? तेही उरलं तर?"

"पण मावशी, मी तिला नको कुठे म्हटलं..."

"नको म्हणायला लागतं कुठे? तू बघितलं नाहीस, एवढं पुरतं! तीनशे माणसांच्या ताटात बघतोस आणि एका बाईच्या ताटात बघायला तुझे डोळे फुटले होते? लाज वाटू दे रे मेल्या, लाज!"

आजूबाजूची पोरं भांडी घासायची थांबली. वाढप्याचे कान लाल झाले. उलट बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि त्याच्या डोळ्यांपुढे ओट्याशी पाठमोरी उभी असलेली बायको आली. ती पाठ इतकी बारीक कधी झाली, हेही त्याला आठवेना. अरेरे, काय करून बसलो आपण!

संध्याकाळी तो दोन पाकिटं पास्ता, टोमॅटो आणि दाणे घेऊन घरी गेला. बायको कामावरून नुकतीच आली होती. त्याने तिच्या हातातलं पातेलं घेतलं.

"आज मी करतो."

"आज काय नवीन नाटक?" ती म्हणाली.

त्याने धाकट्याला हाक मारून कांदे चिरायला बसवलं. तो "मला येत नाही" म्हणाला, तेव्हा "खायला येतं ना?" एवढंच विचारलं. कांदा परतून होतोय न होतोय तोच वाढपी पाणी ओतायला निघाला. मागून बायको कडाडली, "आधी टोमॅटो मऊ होऊ देत! पाणी नंतर! कॅन्टीनमध्ये काय शिकलात एवढी वर्षं?" त्याने मुकाट्याने तांब्या खाली ठेवला.

पास्ता शिजला. त्याने पहिलं ताट भरलं आणि बायकोसमोर ठेवलं.

आई खाटेवर उठून बसली. "अरे, घरच्या बाईने आधी जेवायचं? मी चाळीस वर्षं सगळ्यांच्या मागून जेवले!"

"आणि बाबांनी कधी विचारलं, आई? तू जेवलीस का म्हणून?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न म्हातारीला कोणी विचारला नव्हता. तिने मान भिंतीकडे फिरवली.

बायको जेवायला बसली. म्हातारी खाटेवर, बाकी सगळे उभे, आणि ती एकटी ताटाशी. चार घास गेले, सहा गेले. मग तिचा हात थांबला. ताट अर्ध्यावरच होतं.

"बास," ती म्हणाली. "जात नाही आता."

"आवडलं नाही का?" वाढप्याने विचारलं.

"तसं नाही. एवढं खायची सवयच राहिली नाही पोटाला."

मंडळी, त्या घरात आदल्या दिवशी केवढा आरडाओरडा झाला होता! पण या एका वाक्याने वाढप्याला जे लागलं ते कशानेच लागलं नव्हतं. तो तिथेच जमिनीवर बसला आणि ढसाढसा रडला. "चुकलो गं, चुकलो!" बायकोने त्याचं सांत्वन केलं नाही, आणि का करावं? तिला आधी खडखडीत बरं व्हायचं होतं. म्हातारी मात्र खाटेवरून उतरली, सुनेशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "घाई नको. थोड्या वेळाने उरलेलं खा. मी थांबते तुझ्यासाठी."

पुढच्या तपासणीत रक्त थोडं वाढलं होतं. मशीन राहिलं. धाकट्याने गोदामात हमाली धरली, आणि वाणसामानाचे पैसे त्या घरात आता सहा माणसांचे निघतात. बायको नवऱ्याशी अजून तुटकच बोलते. ते एका रात्रीत सुधारणारं नाही, आणि सुधारावं अशी घाई त्यानेही करू नये.

माझ्या बांधवांनो, आपल्या घरातल्या बाईला उपाशी राहायला आपण कधीच सांगत नाही. आपण फक्त बघत नाही, आणि तेवढ्यानेच ती उपाशी राहते. बाईच्या त्यागाचे गोडवे गाणं सोपं असतं, कारण तो त्याग आपल्या पोटात गेलेला असतो. तेव्हा आज जेवायला बसाल तेव्हा एवढंच करा. जिने रांधलं तिचं ताट कुठे आहे ते बघा. ते मांडलेलं नसेल, तर पहिला घास उचलायचा तुम्हाला हक्क नाही. उठा, आणि आधी तिला वाढा!