पुतळाची द्वितीया

"आये, बाबांना सांग, होडी पान्यात ठेवत जा."

किनाऱ्यावर आई बायजाच्या मांडीवर पडलेली, घसा बंद होत आलेली सात वर्षांची पुतळा एवढंच बोलली होती. माघ वद्य द्वितीयेची संध्याकाळ होती ती. घटसर्प झालेल्या पोरीला मुंबईला न्यायचं, तर सुकती लागून पाणी ओसरलेलं, मोऱ्याच्या धक्क्याला लाँच लागेना. आणि म्हावरं उतरवायला सोपं म्हणून बाप रोहिदासनं होडी किनाऱ्याशी आणलेली, ती चिखलात रुतून बसलेली. तो एकटा खांदा लावून ती ढकलत राहिला. पाणी परत येईपर्यंत पोर थांबली नाही.

पोरीचा निरोप बायजानं नवऱ्याला कधी सांगितलाच नाही. त्याच्या काळजाला घरं पडली असती. तिनं तो आपल्या अंगावर व्रत म्हणून घेतला. दर वद्य द्वितीयेला उपास, आणि त्या दिवशी होडी मासेमारीला जाणार नाही. खोल पाण्यात नांगरलेली राहील. गावात कुणी आजारी पडलं, तर पुतळाच्या नावानं फुकट पलीकडे मुंबईला पोचवायचं. रोहिदास हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

पण पुनवेनंतरची द्वितीया म्हणजे भर उधाण. ओढीच्या पाण्यात लावायची डोलजाळी भरतात ती त्याच दिवसांत. शिवाय आजवर होडी मागायला एक माणूस आला नव्हता.

आज मार्गशीर्षातली वद्य द्वितीया. दुपार कलली, पाणी उतरू लागलं, तरी होडी किनाऱ्यालाच होती. रोहिदासचा चुलतभाऊ शिवा तिच्यावर खलाशी होता, आणि त्यानं न विचारताच जाळं चढवलं होतं. बाकीच्या होड्या केव्हाच गेल्या होत्या. आणखी थोडा वेळ असाच गेला असता, तर होडी चिखलात बसली असती. मग ना मासेमारी, ना व्रत.

शिवा बोलत सुटला होता. घरात सात तोंडं हायत, पाण्याला जोर नसतो त्या भांगाच्या दिवसांत रिकामं बसायचं नि उधाणातही बसायचं, तर खायचं काय? "वयनी, पुन्य करावं. पन आमच्या पोटावर पाय देऊन?"

बायजा पदर घट्ट धरून उभी राहिली. रोहिदास गुडघाभर पाण्यात, होडीचा काठ धरून. तो कुणाकडेच बघत नव्हता.

तेवढ्यात शिवाची बायको चंद्राबाई रिकामी पाटी कमरेवर घेऊन खाली आली. तिनं आवाजसुद्धा चढवला नाही.

"कुनाचा पोर आजारी पडतो, त्याचीच वाट बगत बसतेस न गं तू?"

मागच्या द्वितीयेला शेजारच्या घरात पोर खोकलं, तेव्हा बायजा दारापर्यंत धावली होती. छातीत काहीतरी उसळलं होतं. ती भीती होती, की दुसरं काही? एकवीरा आईपुढे दिवा लावताना आपण नेमकं काय मागत होतो, हे तिला आता धडपणे आठवेना.

पाणी होडीच्या पोटाखालून सरकत होतं.

"न्या होडी," ती म्हणाली. "माजा उपास मी घरात करीन."

शिवानं उडी मारून वल्हं उचललं. रोहिदास मात्र चढला नाही. त्यानं जाळ्याचं टोक धरलं आणि ते हातांनी ओढून बाहेर घेऊ लागला. ओल्या जाळ्याचा ढीग वाळूवर पडत गेला.

"दादा, याड लागलं का तुला? वयनी हो बोलली न?"

"कुनी आला नाय, ही आईची किरपा," रोहिदास म्हणाला. "येईल त्या दिवशी होडी पान्यात पायजे."

"व्रत तिचं हाय. तिनंच सोडलं."

"पोरीनं सांगितलेलं ते मला." त्यानं जाळ्याचा शेवटचा वेढा बाहेर ओढला. "होडीपाशी मी होतो. मला ऐकू आलेलं."

बायजानं तोंडावर पदर घेतला. वर्ष होत आलं होतं, आणि या माणसानं हे एकट्यानं पोटात ठेवलं होतं.

शिवा खाली उतरला. पुढच्या उधाणाला गावातल्या जयदेवच्या होडीवर जाईन, असं त्यानं सांगितलं. रोहिदासनं त्याला अडवलं नाही. चंद्राबाईनं जाळ्याची एक बाजू उचलली, आणि दोघं वर निघून गेली.

होडीचा तळ एकदा चिखलाला घासला. रोहिदासनं खांदा लावला, ती सुटली. छातीभर पाण्यात गेल्यावर तो वर चढला. त्याच्याही पोटात सकाळपासून काही नव्हतं. बायजा पाण्याच्या कडेपर्यंत आली. जाळं नसलेली होडी पाण्यावर हलकी, उंच दिसत होती. उतरत्या पाण्याबरोबर, एका वल्ह्यावर, तो तिला खोल पाण्याकडे घेऊन निघाला.