मोठा! बारीक!

आधीच सांगून ठेवते, मी भांडखोर बाई आहे. आमच्या ह्यांना विचारलंत तर तेही हेच सांगतील. म्हणजे सांगितलं असतं. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या बाजूबरोबर बोलणंही गेलं. पाय ओढत का होईना, आता चालतात. चमचा धरतात. पण तोंडात शब्द म्हणून दोनच उरले, "मोठा" आणि "बारीक".

त्यांना बोलायला शिकवायला एक बाई येतात. पोरसवदा आहेत, पण चिकाटीच्या. कप, कुत्रा, छत्री अशी चित्रं समोर धरतात आणि हे खिडकीबाहेर बघत बसतात. पहिल्यांदा हे दोन शब्द ऐकले तेव्हा त्या मला म्हणाल्या, "आजी, हेच दोन शब्द कसे राहिले हो?"

मला हसू आलं. म्हटलं, अहो बाई, या दोन शब्दांवर आमचा अख्खा संसार झालाय.

हे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत घर. शिलाई मशीनवर बसले की दोन्ही हात कापडावर आणि दोन्ही पाय पायट्यावर. माझं काम काजं-बटणं आणि तुरपाई, तेव्हा मी फळीखाली बसायची आणि फळीवर रेडिओ. आता सांगा, आवाजाचं बटण कोणी फिरवायचं? मशीन खडखडायला लागलं की गाणं ऐकू यायचं नाही, मग मान वर न करता हे ओरडायचे, "मोठा!" मशीन थांबवून कापड बेतायला घेतलं की, "बारीक!" 'गं' नाही, 'कर' नाही, 'जरा' तर नाहीच. दिवसभर नुसतं मोठा, बारीक, मोठा, बारीक. कधी मी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत असले, की आतून तसाच हुकूम यायचा, "बारीक!" तो रेडिओला नसायचा, मला असायचा. गिऱ्हाईक हसायचं, मी फणकारायची आणि पँट ठरल्या दिवशी तयार व्हायची.

मग त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला. रेडिओवर आवडीचं गाणं लागलं की टेप त्याच्या तोंडाशी ठेवायचा आणि लाल बटण दाबायचं. तेवढा वेळ मशीन बंद. कात्री आपटायची नाही, खोकायचं नाही, दारात गिऱ्हाईक आलं तर त्यालाही हाताने खूण, उभा राहा म्हणून. एकदा एक लग्नाळू मुलगा कोटाच्या मापाला आला होता, तो बिचारा अख्खं गाणं संपेपर्यंत दोन्ही हात आडवे पसरून उभा होता. अशा कपाटभर टेपा झाल्या. पण सगळ्यांचा आवाज निरनिराळा. दुकानात कोणी नसताना घेतलेली गाणी दणदणीत, आणि काही इतकी बारीक की कान लावावा लागायचा.

आमच्या लेकीने दोन वर्षांपूर्वी त्या सगळ्या टेपा कॉम्प्युटरवर चढवल्या आणि गाणी वाजवणाऱ्या एका छोट्या डबीत भरून दिल्या. डबीला एक गोल बटण आहे. दवाखान्यातून घरी आणल्यावर एका संध्याकाळी मी ती लावली, म्हटलं तेवढाच विरंगुळा. एक दणदणीत गाणं झालं, दुसरं लागलं ते अगदी बारीक. आणि खुर्चीतून आवाज आला, "मोठा."

माझ्या हातातली फुलपात्रं गडगडत गेली. दवाखान्यापासून एक शब्द नव्हता हो! मी धावत जाऊन आवाज वाढवला आणि तिथेच उभी राहून रडले. पुढचं गाणं दणदणीत निघालं, तशी लगेच, "बारीक!" आवाज तोच, तोच हुकूम. मी म्हटलं, चला, आमचे मालक परत आले.

बाईंना सांगितलं तर त्या हरखल्याच. म्हणाल्या, "आजी, हे सोडू नका. जे शब्द वापरात राहतात तेच टिकतात, आणि त्यांच्या आधाराने पुढचे येतात. हे एकदा दोन शब्द जोडून बोलले ना, की पुढची वाट मोकळी." म्हणून रोज संध्याकाळी गाणी लावायची असं ठरलं.

पण माणसाचं गुडघेदुखीपुढे काही चालत नाही. डबी कपाटावर आणि दर गाण्याला उठबस. एकदा फोनवर मी लेकीजवळ कुरकुर केली, "तुझ्या बाबांनी गाणी काय भरून ठेवलीत, एकाचा मेळ दुसऱ्याला नाही. उठून उठून माझ्या नाकी नऊ आलेत."

लेक गुणाची. सुट्टी काढून आली ती कॉम्प्युटर घेऊनच. म्हणाली, "आई, सगळ्या गाण्यांचा आवाज एकसारखा करून देते. हा कॉम्प्युटर प्रत्येक गाणं ऐकतो, आणि कुठलं किती चढवायचं नि कुठलं किती उतरवायचं, ते त्या गाण्याजवळ नोंदवून ठेवतो. मूळ गाण्याला हात लावत नाही."

"म्हणजे इस्त्री मारतेस म्हण की."

"तसंच समज."

दोन दिवस ती त्यात डोकं घालून बसली होती. मध्येच विचारते, "आई, ही या टेपांवरची सगळी इतकी बारीक का गं? बाबांचा टेप बिघडला होता का तेव्हा?"

"बिघडतोय कशाला? तू झाली होतीस. टेबलाखाली कपड्यांच्या चिंध्यांवर तुला निजवायचे आणि तू उठू नयेस म्हणून रेडिओ असा कुजबुजत लावायचे. वर्षभर याच आवाजात गाणी घेतली त्यांनी. मी म्हणायची, अहो, हे नंतर ऐकू तरी येणार आहे का? तर नुसतं तुझ्याकडे बोट दाखवायचे."

लेकीचे हात थांबले. मग म्हणाली, "मग ही तेवढी राहू देऊ का तशीच?"

"काही नको," मी म्हटलं, "माझे गुडघे बघ आणि कर सगळी सारखी." बोलून चालून मी शहाणी.

ती गेली आणि आमच्याकडे सुख नांदायला लागलं. संध्याकाळी डबी लावायची आणि शर्ट घेऊन बटणं लावत बसायचं. एकामागून एक गाणी अशी सरळ येत होती की विचारू नका. ना उठणं ना बसणं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत मी शेजारणीला कौतुकाने बोलावून ऐकवलं. हे खुर्चीत शांत बसलेले असायचे. मला वाटायचं, ऐकताहेत.

मग एक दिवस शिकवणाऱ्या बाई आल्या. पिशवीतून चित्रं काढता काढता नेहमीसारखं विचारलं, "काय म्हणतात या आठवड्यात आजोबा?"

सांगायला गेले, तर आठवेचना. काल म्हणाले होते का? परवा? लेक गेल्यापासून हे काहीच बोलले नव्हते. बोलतील कशाला? कोणतं गाणं मोठं नव्हतं, कोणतं बारीक नव्हतं. मागायला काही उरलंच नव्हतं.

बाईंनी त्यांच्यासमोर डबी धरली. "आजोबा, मोठा करायचा का? म्हणा, मो-ठा." यांनी ओठ हलवले. नुसती हवा आली. बाईंचा चेहरा पडलेला मला दिसला. होते नव्हते ते दोन शब्दही मीच घालवून बसले, माझ्या गुडघ्यांपायी.

बाई गेल्याबरोबर लेकीला फोन लावला. ती बिचारी रडवेली झाली. "आई, काढून टाकते गं सगळं. गाणी आहेत तशी आहेत, फक्त त्या नोंदी पुसायच्या. रविवारी येते."

रविवारपर्यंत कोण थांबतंय? मी फोन ठेवला. डबी कपाटावरून काढली आणि माझ्या मांडीशी ठेवली. म्हटलं, इस्त्री केलेलं चुरगळायला काय अक्कल लागते?

गाणं लावलं. हे डाव्या पायाने हळूहळू ठेका धरत होते, पायट्यावर असायचा तसाच. मी बटण फिरवून आवाज उतरवला. पाय थांबला. मी आणखी उतरवला. त्यांनी डबीकडे बघितलं. मी तुरपाईत डोकं घातलं, जशी काही मी त्या गावचीच नाही. आणखी उतरवला, इतका की गाणं आहे की नाही ते कळेना. माझी सुई दोनदा बोटात शिरली. मनात म्हणत होते, मागा ना हो, एकदा मागा.

"मो... मोठा."

मी बटण पार टोकापर्यंत फिरवलं. भांडी थरथरली.

"बारीक!"

अस्सं! पुढच्या गाण्याला पुन्हा तेच केलं. मोठा. बारीक. तिसऱ्या गाण्याला माझी भीड चेपली आणि मी मधल्या कडव्यातच आवाज खाली आणला. यावेळी ते काही बोलले नाहीत. डबीकडेही बघितलं नाही, माझ्या हाताकडे बघितलं. बटणावर बसलेल्या माझ्या बोटांकडे. मग वर, माझ्या तोंडाकडे. कपाळावर आठी चढली. ओठ वाकडे झाले, मिटले, परत उघडले. मी घाबरले. वाटलं जास्त झालं, त्रास होतोय त्यांना, आता पुरे.

"मु..." ते म्हणाले. "मुद्दाम."

मांडीवरची तुरपाई मी बाजूला सारली.

"मुद्दाम... करतेस."

देवा रे! दोन शब्द, जोडून, आणि तेही माझ्यावर आरोप करणारे! मी हसत होते की रडत होते ते माझं मला कळेना. "हो, मुद्दाम करते! रोज करणार! काय म्हणणं आहे तुमचं? बोला की, भांडा की माझ्याशी!" त्यांचा अर्धा चेहरा हसत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी पदराने आधी त्यांचं पुसलं, मग माझं.

लेकीला फोन लावला आणि ती हॅलो म्हणायच्या आत ओरडले, "अगं, तुझे बाबा भांडले माझ्याशी! खरंच भांडले! तू ये रविवारी, पण त्या गाण्यांना हात लावू नकोस. ती सरळच राहू देत, वाकडं काय करायचं ते मी करते इकडे!" पलीकडून नुसते हुंदके येत होते. मी आणखीच मोठ्याने बोलायला लागले.

"बारीक!" मागून आवाज आला.

मी घाईघाईने डबीकडे हात नेला. त्यांनी मान हलवली आणि डावं बोट उचलून माझ्याकडे दाखवलं.