सुमतीबाईंच्या हातची आमटी

भिवंडीच्या ब्राह्मण आळीत सुमतीबाईंच्या आमटीचं नाव काढलं की माणसं अजून मिटक्या मारतात. मारू देत बापडी. ती आमटी गेली एकोणीस वर्षं सुमतीबाईंनी केलेलीच नाही. हे फक्त तीन बायकांना ठाऊक होतं आणि तिघींनीही तोंडाला कुलूप घातलं होतं. दोघींनी आपापल्या सोयीसाठी, आणि तिसरीनं पोटच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती म्हणून. या तिसरीचं नाव ठकी.

ठकी भिवंडीजवळच्या वडप्याच्या वरच्या आदिवासी पाड्यावरची. सुमतीबाईंच्या घरात ती भांडी घासायला आली तेव्हा घरधनी दत्तोपंत कोर्टात कारकून होते. माणूस सरळ, पण सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत भलताच कडक. ठकी बसली त्या फरशीवर पाणी शिंपडल्याशिवाय ते पाऊल टाकायचे नाहीत. स्वयंपाक बायकोनं करायचा, आंघोळ करून, सोवळं नेसून, आणि तो होईपर्यंत कुणी आत डोकवायचं नाही, असा त्या घरचा दंडक होता.

मग सुमतीबाईंची बोटं गेली. संधिवातानं अशी वाकडी झाली की पळीसुद्धा धरवेना. नवऱ्याला सांगायची त्यांची छाती होईना. ‘बाई रांधत नाही तर करते काय?’ हे दत्तोपंतांचं वाक्य त्यांनी दुसऱ्यांच्या बायकांबद्दल शंभरदा ऐकलं होतं. एका सकाळी त्यांनी ठकीला मागच्या दारानं आत घेतलं, मोरीत आंघोळ करायला लावली, आपलं जुनं रेशमी सोवळं तिला नेसवलं आणि स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. ठकीची स्नेहा तेव्हा दोन वर्षांची, कोपऱ्यात पोत्यावर निजलेली.

“तिच्या डोक्यावर हात ठेव,” सुमतीबाई म्हणाल्या. “हे तोंडातून बाहेर पडलं तर पोर जगायची नाही.”

ठकीनं हात ठेवला. तिला काम हवं होतं, आणि शपथेची तिला भीती वाटायची.

सुमतीबाई स्टुलावर बसून शिकवायच्या. मीठ चुकलं की तापलेली पळी मनगटावर बसायची. बोटं गेली तरी दोन्ही तळव्यांत दाबून तेवढी मारता यायची. ठकीच्या डाव्या मनगटावर त्याचे चार डाग आहेत. तीन महिन्यांत तिचा हात बसला आणि वर्षभरात तो सुमतीबाईंच्याही पुढे गेला. एकदा आमटीची वाटी चाटूनपुसून संपवली आणि मग त्या म्हणाल्या, “गूळ जास्त झालाय.” झाला नव्हता.

दत्तोपंत मरेपर्यंत जेवून ढेकर देत म्हणायचे, “सुमती, तुझं सोवळं अन्नात उतरतं.” मोरीत खरकटं काढणाऱ्या ठकीला तेव्हा हसू यायचं. मग ते उठून, ती बसली होती तिथं पाणी शिंपडायचे. तीन वर्षांपूर्वी माणूस गेला, दार मात्र बंदच राहिलं. कारण आता आळीच्या महिला मंडळानं सुगरणींची पुस्तिका काढली होती आणि पहिल्या पानावर सुमतीबाईंचा फोटो होता. खाली आमटीची कृती. मसाल्याचं माप मात्र ठकीच्या मुठीवरून घ्यावं लागलं होतं. बायकांच्या कामाचा इतिहास असाच लिहिला जातो, मुठीचा फोटो कुणी काढत नाही.

सून रुचिरा या घरात आली आणि आठवड्यात तिला सगळं कळलं. शिकलेली मुलगी, वडप्याच्या गोडाऊनमध्ये ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. ठकीला वाटलं, ही तरी बोलेल. रुचिरा एवढंच म्हणाली, “माझ्या डब्यात आमटी थोडी जास्त घालत जा हं, ठकीताई. ऑफिसात सगळ्यांना आवडते.”

तेच गोडाऊन, जिथं आता एकवीस वर्षांची झालेली स्नेहा पॅकिंगला उभी राहते. बारा तासांची शिफ्ट, बसायला मनाई. तिथल्या कॅन्टीनला मुख्य स्वयंपाकीण हवी, असं स्नेहानं एक दिवस घरी येऊन सांगितलं. घरून डबा करून न्यायचा, मॅडम चव बघणार, आवडली तर नेमणूक. ठकी रात्रभर जागी होती. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या रांधण्याला तिचं नाव लागणार होतं. चुलीपाशी उघड्या दारानं उभं राहता येणार होतं. तिला दुसरं काही नको होतं.

स्नेहा शिफ्टला गेल्यावर तिनं उधारीवर सामान आणून झोपडीतच रांधलं आणि आमटी-भात नेला. तिचा हात ज्यावर बसलेला, तेच नेणार ना माणूस!

कॅन्टीन बघणाऱ्या निवेदिता मॅडमनी एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

“ही आमटी मी दोन वर्षं खातेय. रुचिराच्या डब्यातली. तू त्यांच्याकडे भांडी घासतेस ना?”

“मीच केली हाय, मॅडम. हितंच करून दावते.”

“इथे बाहेरच्या माणसाला शेगडीला हात लावता येत नाही.” त्यांनी रुचिराला बोलावलं. रुचिरानं आमटीकडे पाहिलं, ठकीकडे पाहिलं नाही. उद्यापासून आपला डबा कोण भरणार, एवढाच प्रश्न तिच्या डोक्यात असावा. ती म्हणाली, “आईंनाच विचारू या.” आणि फोन स्पीकरवर लावला.

ठकी हात जोडून त्या फोनपुढे उभी राहिली. तिच्या तोंडाला शपथ होती. सुमतीबाईंनी एक वाक्य बोलायचं होतं, ‘ठकी रांधते आमच्याकडे,’ बस. तेवढ्यानं तिचा जन्म सुधारला असता.

“आई, ठकीताईनं इथं आमटी आणलीय, म्हणते मीच केली,” रुचिरा फोनात म्हणाली.

“आमटी होय?” सुमतीबाई म्हणाल्या. “कालची पातेलंभर उरली होती. सकाळी पातेलं रिकामं. म्हटलं, मांजरानं खाल्ली असेल.”

दुपारपर्यंत ती बातमी पॅकिंगच्या शेवटच्या टेबलापर्यंत गेली. सुटताना गेटवर बाकीच्या मुली भराभर बाहेर पडल्या आणि स्नेहाची पिशवी मात्र उलटी करून झटकली गेली. घरी आल्यावर तिनं विचारलं, “आये, खरं सांग, उचललीस का?” ठकी म्हणाली, “न्हाय.” पुढचं तिला सांगता येईना. स्नेहानं मान फिरवली.

चौथ्या दिवशी सुमतीबाईंचा निरोप घेऊन रुचिरा गाडी थांबवून पाड्याच्या वाटेवर उभी राहिली. “परवा बाबांचं श्राद्ध आहे, ठकीताई. आई म्हणतात, झालं गेलं विसरून ये. चोरीचं आम्ही पुढे नेणार नाही. शिवाय स्नेहाची ड्युटी माझ्याच हाताखाली आहे ना.” हे ती अगदी गोड आवाजात म्हणाली.

ठकी गेली. आंघोळ केली, सोवळं नेसली, दार लागलं. खीर झाली, आमटी झाली, वडे तळायला घेतले. बाहेर मुलगा वरद पाटावर बसला होता, गुरुजी मंत्र म्हणत होते, चार नातेवाईक भिंतीला टेकून वाट बघत होते. मध्येच गुरुजींनी बाहेरूनच विचारलं, “वहिनी, घरात चोरी झाली म्हणे?”

सुमतीबाई स्टुलावर, ठकीपासून दोन हातांवर. त्यांनी ठकीच्या डोळ्यांत बघितलं आणि मोठ्यानं म्हणाल्या, “हो ना हो. रानटी जात. कितीही पोसा, हात चालायचाच. मी म्हणून पदरात घेतलीय.”

ठकीनं वडा तेलात सोडला. झारा खाली ठेवला. तोंडानं सांगायचं नाही, एवढीच तर शपथ होती. तिनं जाऊन दार उघडलं.

सगळ्यांनी पाहिलं. सोवळ्यातली ठकी, पिठानं भरलेले तिचे हात, मागं कढई, आणि स्टुलावर बसलेल्या सुमतीबाई. गुरुजींचा मंत्र तोंडातच राहिला.

“बघा, बघा हिला!” सुमतीबाई किंचाळल्या. “माझं सोवळं चोरून नेसली! मागच्या दारानं घुसली!”

ठकीनं पळी उचलून त्यांच्यापुढे धरली. “बाय, ही धरून दावा.”

सुमतीबाईंनी हात पदराखाली घेतले. पण त्याआधी गुरुजींना ती बोटं दिसली होती. ते काही दुधखुळे नव्हते. एकोणीस वर्षं या घरची श्राद्धं, सणवार, केळीच्या पानावरची तिसऱ्यांदा मागून घेतलेली आमटी, सगळं त्यांच्या पोटात होतं. खरं मानलं तर ते सगळंच बाटलं असतं, आणि खोटं मानलं तर फक्त आजचं. त्यांनी हिशेब पटकन केला.

“वरद,” ते म्हणाले, “अन्न टाकून दे. ही बाई शिवलीय त्याला आज.”

“आज” हा शब्द सगळ्यांनी आनंदानं उचलला. वरदनं खीर गटारात ओतली, त्यावर आमटी ओतली. एका म्हाताऱ्यानं सुमतीबाईंना पाणी दिलं आणि म्हणाला, “तुमच्या हातच्या अन्नाची ही दशा व्हावी, वहिनी!” सुमतीबाई रडल्या. ते रडणं खरं होतं, हे मला कबूल करावं लागेल. कारण उद्या कोण रांधणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. रुचिरानं मोरीच्या दारात उभं राहून ठकीकडून सोवळं काढून घेतलं आणि दोन बोटांत धरून नेलं. तिच्या दुसऱ्या हातात फोन होता.

परतताना ठकीनं बाजारातून तूरडाळ, चिंच, गूळ, धने, सुकं खोबरं आणि चिमूटभर दगडफूल घेतलं. असलं वाणसामान तिच्या झोपडीत याआधी एकदाच, त्या डब्यापुरतं, शिरलं होतं. तिनं मसाला भाजला, पाट्यावर वाटला आणि दार सताड उघडं ठेवून आमटी केली. पोरीला एकदा चाखवायची. सणावारी सुमतीबाईंकडून मिळालेली उरलीसुरली आमटी स्नेहाच्या जिभेला ठाऊक होती. तोंडानं काही सांगायला नको, ती जीभच सांगेल, असं ठकीला वाटलं. वाटणारच. आई होती ती.

स्नेहा अंधार पडायच्या आत घरी आली. “उद्यापासून येऊ नको बोलले,” एवढंच म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. ठकीनं तिच्यापुढे ताट ठेवलं. स्नेहानं भात कालवला, एक घास खाल्ला आणि तिचा हात थांबला.

“आये,” ती म्हणाली, “आज पन आनलीस तिथनं?”

ठकीनं तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला. मग तो तसाच मागं घेतला. स्नेहानं ताट पुढे सरकवलं. ठकीनं ते उचललं, बाहेर नेलं आणि घासायला बसली.