बघण्यासारखं घर

पोल्ट्रीवर त्या मुलीला सगळे मास्तरीण म्हणायचे. लहान असल्यापासून ती खाद्याच्या पोत्यावर बसून भल्याभल्यांच्या चुका काढायची, मॅनेजरचीसुद्धा भीड ठेवायची नाही, म्हणून हे नाव पडलं. तिच्या आईला वरवर या नावाचा राग यायचा. आतून मात्र कुणी लांबून ‘ए मास्तरीण’ अशी हाक मारली की तिचा ऊर भरून यायचा, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती लगेच कुणावर तरी खेकसायची. बहुतेक वेळा नवऱ्यावर, कारण तो जवळ असायचा आणि उलट बोलायचा नाही.

राहायला त्यांना गोदामाला लागून एक खोली दिलेली होती. नवरा कोंबड्यांना खाद्य टाकायचा, ती अंडी गोळा करून ट्रेमध्ये भरायची. खोलीला, कपड्यांना, पोरीच्या दप्तरालासुद्धा शेडचा वास होता. तो घासून जात नाही हे आईला ठाऊक होतं, तरी ती घासायची. मास्तरीण दहावीला शाळेत पहिली आली. पुढचं शिक्षण शहरात, तिथे राहायचं, खायचं, फी भरायची, म्हणजे यांच्या आवाक्याबाहेरचं. पण हेडमास्तरांनी एका संस्थेकडे तिचं नाव पाठवलं होतं. ही संस्था खेड्यापाड्यांतल्या हुशार मुलांचा सगळा खर्च उचलायची. शिष्यवृत्ती मिळाली तर पोरगी शहरात जाणार होती, नाही मिळाली तर तिसऱ्या शेडमध्ये. तिथली बाई सोडून गेल्यापासून मॅनेजर रोज विचारत होता, “काय ठरलं पोरीचं?” आईचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

एका संध्याकाळी ट्रे रचता रचता मास्तरीण म्हणाली, “आई, शनिवारी संस्थेची माणसं येणार आहेत. आपली परिस्थिती बघायला.”

आता हा शब्दच मुळात लबाड. सभ्य माणसाच्या तोंडून गरिबी हा शब्द निघत नाही, मग तो परिस्थिती म्हणतो आणि मोकळा होतो. पोरीनेही तेच केलं. गणितात जी कधी अडली नाही, तिला आईकडे बघून ‘आपण किती गरीब आहोत ते बघायला माणसं येणार आहेत’ एवढं साधं वाक्य म्हणवलं नाही. आईच्या हाताला फुटक्या अंड्याचा बलक लागला होता, केसांत पीस अडकलं होतं. पोरीने ते पीस काढलं, सोपा शब्द वापरला आणि खोलीकडे निघून गेली.

आईने हा शब्द आधी एकदा ऐकला होता. थोरल्या लेकीचं लग्न ठरत आलं होतं तेव्हा मुलाकडची माणसं याच खोलीत आली होती. पोत्यांवर चादर टाकून त्यांना बसवलं होतं. चहा अर्धा टाकून ती माणसं उठली, आणि नंतर निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण परिस्थिती बघता जमणार नाही. थोरलीला मग जिथे दिली तिथे दिली. ती आता माहेरी आली तरी हसत नाही. ते आईच्या मनात काट्यासारखं सलत राहिलं होतं. या वेळी परिस्थितीकडे बोट दाखवायला कुणाला जागाच ठेवायची नाही, असं तिने त्याच रात्री ठरवून टाकलं.

ज्या घरात बसायला धड खुर्ची नाही, त्या घरातल्या पोरीवर कोण कशाला खर्च करेल, असं तिला वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर यात वेडेपणा काहीच नव्हता. आजवर तिला जे जे नाकारलं गेलं होतं ते गरीब दिसण्यामुळेच. गरीब दिसलं की कुणी काही देतं, हे तिच्या जन्मात कधी घडलेलं नव्हतं.

ती मॅनेजरच्या बायकोकडे गेली. पोल्ट्रीवर सगळे तिला मॅनेजरीणबाई म्हणत. तिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही, त्यामुळे तिच्याकडे काही मागणं म्हणजे गावभर दवंडी पिटणंच होतं. तरी आई गेली. खुर्च्या मागितल्या, टीपॉय मागितला, पडदे मागितले, काचेचे कप मागितले. मॅनेजरीणबाईने भुवया उंचावल्या, पण दिलं. वर म्हणाली, “लसींचा फ्रीज नेऊन ठेव एक दिवस. खोली भरल्यासारखी दिसेल.” कोंबड्यांच्या लसी ठेवायचा तो फ्रीज नवऱ्याने आणि पाणी सोडणाऱ्या माणसाने धापा टाकत उचलून आणला. हे सगळं शनिवारी सकाळी, मास्तरीण शाळेत गेल्यावर आणलं. हेडमास्तरांनी तिला कसल्याशा दाखल्यासाठी बोलावलं होतं. माणसं दुपारी येणार होती, तोवर ती परतणार होती.

माणसं सकाळीच आली. चष्मा लावलेल्या एक मॅडम आणि फोनवर फोटो काढणारा एक तरुण. कागद काय, कुणीही आणतं, म्हणून ही संस्था घरी येऊन डोळ्यांनी खात्री करायची.

आईने त्यांना खुर्च्यांवर बसवलं, फ्रीजमधलं गार पाणी दिलं, काचेच्या कपांतून चहा दिला. इस्त्रीचा शर्ट घातलेला नवरा टेकायला जागा मिळूनही अवघडून बसला होता. त्याला तोंड उघडायचं नाही अशी ताकीद होती.

“तुम्ही काय करता?” मॅडमनी त्याला विचारलं.

“मी शेडमध्ये...”

“पोल्ट्रीचं सगळं हेच बघतात,” आई मध्येच म्हणाली. यात खोटं काही नव्हतं. कोंबड्या जगवण्यासाठी दिवसभर मान मोडून काम तोच करत होता.

“अच्छा,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी तरुणाकडे बघितलं. तरुणाने खिडकीतून दिसणाऱ्या शेडच्या रांगेचा फोटो काढला, मग फ्रीजचा, मग पडद्यांचा. आईने पडदा जरा सारखा करून दिला. सगळं कसं मनासारखं चाललं होतं. इतकी वर्षं जे जमलं नव्हतं ते आज जमलं, असं तिला वाटत होतं.

आपल्या खुर्च्या नीट आहेत ना हे बघायला मॅनेजरीणबाई दारात येऊन उभी राहिली, आणि तिच्या मागोमाग मास्तरीण आली. तिने खोलीवर एकदा नजर फिरवली. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

“मॅडम, हे आमचं नाही,” ती म्हणाली. “खुर्च्या यांच्या घरच्या आहेत. फ्रीज कोंबड्यांच्या लसींचा आहे. आमच्याकडे यातलं काहीच नाही.”

मॅडमनी आईकडे बघितलं. “खरं का हो?”

आईच्या कानशिलांना झोंबल्यासारखं झालं. पाहुण्यांसमोर, मॅनेजरीणबाईसमोर, स्वतःच्या पोरीने तिची लाज काढली होती. आता हो म्हणायचं म्हणजे मागून आणलेल्या खुर्च्यांवर माणसांना बसवलं हे कबूल करायचं, आणि पुन्हा एकदा चहा अर्धा राहिलेला बघायचा. ती हसली. जेवढं जमेल तेवढं मोकळं हसली.

“काहीतरीच बोलते. सगळं आमचंच आहे.”

मॅडमनी दाराकडे बघितलं. आणि जिने आयुष्यात कधी कुणाची झाकली मूठ राहू दिली नव्हती, त्या मॅनेजरीणबाईला नेमकी तेव्हाच आईची दया आली. “हो हो, त्यांचंच आहे,” ती म्हणाली.

मॅडम उठल्या. वाईट बाई नव्हत्या त्या. पोरीच्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाल्या, “बाळ, हुशार आहेस, पण खोटं बोलून काही मिळवायचं नसतं. तुझ्यापेक्षा गरज असलेली मुलं आहेत गं.”

“मीही तिला तेच सांगते,” आई म्हणाली. पुढचं, गरज असलेल्या मुलांचं वाक्य तिच्या कानांवर पडलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं.

गाडी गेली. मॅनेजरीणबाईही गेली. मास्तरीण भिंतीला टेकून खाली बसली, खुर्च्या रिकाम्या असूनही.

“चारचौघांत आईला तोंडघशी पाडतेस?” आई म्हणाली. “त्यांनी काय म्हटलं असतं? अशा घरातल्या पोरीला...”

“आई,” पोरगी म्हणाली, “ते गरिबांनाच देतात. आपली गरिबी बघायला आले होते ते.”

नवऱ्याने मान खाली घातली. आई धावत सुटली. शेडच्या बाजूने, खाद्याच्या गाडीला वळसा घालून, फाटकाबाहेर, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत. रस्त्यावर धूळसुद्धा उरली नव्हती. ती तरी बराच वेळ तिथे उभी राहिली, कारण परत जाऊन पोरीला कोणत्या तोंडाने सामोरं जायचं हे तिला समजत नव्हतं.

हेडमास्तरांकडून नंबर घेऊन तिने मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, खुर्च्या, पडदे, फ्रीज, स्वतःचं खोटं, काही हातचं राखलं नाही. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ताई, नाही म्हटलं की सगळेच असं सांगतात,” त्या म्हणाल्या. “मी स्वतः विचारलं होतं तुम्हाला.”

हेडमास्तरही जाऊन आले. संस्थेकडे फोटो होते, आणि फोटोंपुढे त्यांचं काही चाललं नाही. पुढल्या वर्षी बघू म्हणाले, पण संस्था एकदा नाकारलेलं नाव पुन्हा घेत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते आईलाही कळलं.

पोरगी तिसऱ्या शेडमध्ये लागली. तिने आदळआपट केली नाही, जेवण टाकलं नाही, आईला एका शब्दाने बोलली नाही. आईला तेच सहन होत नव्हतं. एकदा तिने मुद्दाम पोरीच्या वह्या रद्दीत टाकण्याचं नाव काढलं, निदान चिडून तरी बोलेल म्हणून. “टाक,” पोरगी म्हणाली. तेव्हा आईनेच त्या वह्या उचलून धान्याच्या डब्यामागे ठेवल्या.

एकच गोष्ट आईने मनाशी पक्की केली होती. कुणी विचारलं तर सांगायचं, चूक माझी. पोरीचं यात काही नाही. नवऱ्यालाही तिने तसं बोलून दाखवलं होतं, आणि त्याने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे बघितलं होतं.

विचारलं मॅनेजरीणबाईनेच. सगळ्या बायका ट्रे भरत होत्या तेव्हा ती शेडमध्ये आली आणि मोठ्याने म्हणाली, “काय गं, शहरात जाणार होतीस ना तू? आईने तर एवढं घर सजवलं होतं. मग काय झालं?”

बायकांचे हात थांबले. सगळ्या वळून बघायला लागल्या. आईने हातातला ट्रे खाली ठेवला आणि तोंड उघडलं.

“मीच नको म्हटलं,” मास्तरीण म्हणाली. तिने वर बघितलंही नाही. “पुढचं गणित फार अवघड असतं, काकू. मला नसतं झेपलं.”

“मग उगाच एवढी हवा केली होती,” कुणीतरी म्हणालं, आणि बायका हसल्या. पोरगीही थोडी हसली आणि अंडी उचलू लागली.

आईने तोंड मिटलं. आपलं नाव निघालं नाही म्हणून तिला एकदम हायसं वाटलं. मग हायसं वाटलं हे तिच्या लक्षात आलं, आणि ती शेडच्या मागे जाऊन, तोंडावर हात दाबून, कुणाला ऐकू जाणार नाही अशी रडली.