मूच्या घरचा तांदूळ

कोरियातल्या बुप्यंगमधल्या आमच्या गल्लीत बर्मातलं एक कारेन कुटुंब राहायला आलं. बरीच वर्षं निर्वासितांच्या छावणीत काढलेली माणसं. त्यांना घर लावून द्यायचं, चार गोष्टी शिकवायच्या, हे आमच्या स्वयंसेवक मंडळाचं काम. काम छान चाललं होतं. फक्त त्यांच्या तांदळाला पाय फुटले होते.

"दोन मोठी माणसं, दोन एवढीशी पोरं," आमच्या अध्यक्षबाई कुक म्यंगजा सभेत म्हणाल्या. "एवढं मोठं पोतं दिलं, ते संपतं कसं? विकत असणार."

नवरा कारखान्यात लागला होता, पण पहिला पगार व्हायचा होता. तोवर तांदूळ मंडळाचा. घरमालकाने घरही आमच्या हमीवर दिलेलं.

"विकत असतील तर तांदूळ बंद आणि हमीही बंद," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मग त्यांनी दुसरं घर बघावं. सुन्येताई, तुम्ही जाऊन बघून या. तुम्ही बाजारात बसता, तुमची नजर चोराची आहे."

"चोर ओळखणारी," मी म्हटलं.

"तेच ते."

मी बाजारात किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, विकते. तोंड तिखट आहे, ते धंद्यामुळे, असं मी सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळीच किमचीचा डबा घेऊन मी मूच्या घरी गेले. मू म्हणजे त्या घरची बाई, बारीक, हसरी. किमची शिकवायच्या नावाखाली स्वयंपाकघरात बसले आणि पोत्यावर नजर ठेवली.

थोड्या वेळाने अक्षरं शिकवणाऱ्या ताक बाई आल्या. दारातच म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

आता हे आम्ही सगळेच म्हणतो. भेटलं की म्हणायचं. समोरचा "हो" म्हणतो आणि पुढचं बोलणं सुरू होतं. जेवणाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

मू म्हणाली, "नाही." आणि तिने भात वाढला. ताक बाईंना.

ताक बाई नको म्हणाल्या, पुन्हा नको म्हणाल्या, मग बसल्या. वाटीत शीत ठेवणं वाईट, म्हणून वाटी चाटूनपुसून संपवली. पाहुण्यापुढे रिकामी वाटी वाईट, म्हणून मूने ती पुन्हा भरली. दोघीही संस्कारी. हे किती वेळ चाललं असतं देव जाणे, पण धडा सुरू करायचा होता.

मग कचरा वेगळा करायला शिकवणारे प्यो आजोबा आले. "जेवलात का?" तेही जेवले. कोणत्या पिशवीत काय टाकायचं ते त्यांनी घास घेत घेत सांगितलं. टाकायला मात्र घरात काही उरलं नव्हतं.

दुपारी स्वतः अध्यक्षबाई आल्या, माझी तपासणी कुठवर आली ते तपासायला. "काय गं मू, जेवलीस का?" म्हणाल्या आणि माझ्या किमचीबरोबर दोन वाट्या भात जेवल्या. जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "काही सापडलं?"

"सापडतंय," मी म्हटलं.

पोरं शाळेतून आली. मूने उरलेला भात त्यांना वाढला, नवऱ्याचा झाकून ठेवला. मग पातेल्याच्या तळाला लागलेल्या खरवडीत गरम पाणी ओतून ती पिऊ लागली.

"तू कधी जेवणार?"

"मला खरवड आवडते," ती म्हणाली.

मी तीन पोरं वाढवली आहेत. खरवडीचं हे वाक्य मीही रोज म्हणायचे. मला आमच्या सगळ्या मंडळाचा राग आला, आणि माझा जास्त, कारण सकाळी दारात मीही "जेवलीस का" विचारलं होतं आणि एक वाटी खाल्ली होती.

सभेत मी उभी राहिले. "चोर सापडला. मूच्या घरी जे जेवलेत त्यांनी हात वर करा."

एकेक करून सगळे हात वर झाले. अध्यक्षबाईंनी जरा वेळाने केला.

तांदूळ आणि हमी दोन्ही राहिली. शिवाय ठराव झाला की मूच्या दारात कोणीही जेवणाचा विषय काढायचा नाही. पण आमच्या तोंडात दुसरं बसेना. ताक बाई म्हणाल्या, "हवा बरी आहे." प्यो आजोबा नुसतेच खाकरले. अध्यक्षबाई दारात तोंड उघडून उभ्या राहिल्या आणि बंद करून आत गेल्या.

आठवड्याने मी गेले तर मूचा चेहरा उतरलेला.

"ताई, माझं काही चुकलं का?" तिने विचारलं. "आता कोणी विचारत नाही."

"काय विचारत नाही?"

"जेवलीस का. छावणीत तांदूळ मोजून देत होते. जेवलीस का, कोणी विचारत नव्हतं. इथे सगळे विचारत होते."

मी तिच्या हातातली पळी घेतली आणि तिला खाली बसवलं.

"जेवलीस का गं, मू?"

"नाही," ती म्हणाली.

मी वाढलं. ती जेवली, शेवटच्या शितापर्यंत. वाटी रिकामी झाली तशी मी पुन्हा भरली, आणि ती नको म्हणाली नाही.