करवतीवरची तांबडी रेघ

लालासाहेब हवालदारानं सांध्यात भुसा भरला, असं आष्ट्यात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. पलटणीत बावीस वर्षं सुतारकाम केलेला हा माणूस. पेन्शनीवर आला आणि सांगली रस्त्याला पत्र्याचं शेड टाकून बसला. दुसऱ्या सुताराच्या चौकटीत केसाएवढी फट दिसली, तरी "ह्यातनं विंचू जाईल की रं!" म्हणून चारचौघांत त्याची अब्रू काढायचा. आणि तोच लालासाहेब नव्व्याण्णव सालच्या संक्रांतीच्या आधी, शेडचं दार अर्धं ओढून घेऊन, सरसात कालवलेला भुसा स्वतःच्याच चौकटीच्या फटीत बोटानं दाबत बसला होता. वर पुन्हा मान वळवून बघत होता, कुणी आलंय का म्हणून.

काम विट्याच्या आकाराम शेटचं होतं. शेटचं तिकडं सेलमला सोनं गाळायचं दुकान, आणि इकडं गावात नवा बंगला. बंगल्यातल्या काचेच्या कपाटांना सागवानी पट्टीच्या चौकटी करायच्या होत्या. पट्टीची दोन टोकं तिरकी कापायची, एकाला एक भिडवायची, की काटकोनाचा कोपरा तयार. हाताच्या करवतीनं लालासाहेबानं असले हजारो कोपरे केले होते. आता तर बहिणीच्या पोरानं, वीरधवलनं, कुवेतहून कोन कापायचं मशीनच आणून दिलं होतं. गणपतीत आलेलं ते मशीन म्हणजे लालासाहेबाचा जीव की प्राण. गोल पातं वरनं खाली यायचं, पुढचा दांडा फिरवला की सगळं डोकं फिरायचं, आणि पंचेचाळीसच्या खाचेत खिटी बसली की कोन पंचेचाळीसच. त्यात बघायचं ते काय?

पण दसऱ्यानंतर काहीतरी बिनसलं. कोन आखायचा गुण्या लावून पेन्सिलीची रेघ मारायची, पातं रेघेवर टेकवायचं, कापायचं, आणि बघावं तर कापलेलं टोक रेघ सोडून गेलेलं. एकदा झालं, दोनदा झालं. मग रोजच व्हायला लागलं. भिडवलेल्या कोपऱ्यात पोस्टकार्ड उभं राहील एवढी फट पडायची.

मशीनवर संशय घ्यावा असं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. पलटणीतल्या उस्तादानं कान पिळून पिळून एकच गोष्ट डोक्यात भरलेली, हत्याराला नाव ठेवायचं नाही, चूक हाताची नाहीतर डोळ्याची. हात तर थरथरत नव्हता. मग राहिलं काय?

राहिले डोळे. त्याचा थोरला भाऊ गुंडाआबा मळ्यातल्या घरात बाजेवर बसून असायचा. साखरेनं त्याचे डोळे तीन वर्षांत गेले होते. सुरुवात कशी झाली, हे आबानंच सांगितलं होतं. "लाला, आदी रेघा फुटाय लागल्या बग. एकीच्या दोन दिसायच्या. मला वाटलं, झोप कमी झालीया." झोप कमी कसली! सहा फुटी गडी, आता चहाची कपबशीसुद्धा चाचपडत धरायचा. दसऱ्यापासून लालासाहेब मळ्याकडं फिरकला नव्हता. थोरल्या भावाजवळ बसवतच नव्हतं त्याला. त्याच्या जागी आपणच बाजेवर बसलोय असं दिसायचं.

डॉक्टरकडं जायचं तर त्याहून भ्यायचा. डॉक्टरच्या तोंडातनं एकदा शब्द निघाला की संपलंच, असं त्याचं म्हणणं. एकाहत्तरच्या लढाईत पुलाची फळी ठोकताना न भ्यालेला माणूस हा! बायकोला, लीलाबाईला, अवाक्षर सांगितलं नाही. उलट घरी कुणी नाही असं बघून डोळे मिटून चालायचा सराव सुरू केला. पलंगापासून न्हाणीपर्यंत नऊ पावलं, न्हाणीपासून चुलीपर्यंत चौदा. वेळ आली तर निदान घरात तरी कुणाचा हात धरावा लागू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

शेडच्या पलीकडं तिसरं दुकान नाथाजीचं. नाथाजी पलटणीत वायरलेसवर होता, आता आष्ट्याचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचा. लालासाहेबाशी त्याची लंगोटीयारी. लालासाहेब एका आठवड्यात तिसऱ्यांदा मोठा बल्ब मागायला आला, तेव्हा नाथाजीनं कपाळाला हात लावला.

"लग्नाचा मांडव घालायचाय व्हय रं शेडात? दोनशेचा लावलास की परवाच!"

"उजेड पुरंना झालाय गड्या. रेघ नीट दिसंना."

नाथाजीनं बल्ब तेवढा काढून दिला. दुसऱ्या दिवशी मात्र सांगलीच्या स्टँडवरनं एक खेळणं घेऊन आला. पेनाएवढी लेझर. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर तांबडा ठिपका. त्या साली ह्या लेझरनं नुसता उच्छाद मांडला होता, टॉकीजमध्ये पडद्यावरच्या हिरोइनीच्या नाकावर ठिपका नाचायचा.

"ही तुज्या मशीनच्या डोक्यावर बसवू," नाथाजी म्हणाला. "पातं जिथं पडणार, तिथं आदीच तांबडी रेघ पडल. पेन्सिल दिसू दे न्हाईतर न दिसू दे."

"आरं पण हा तर ठिपका हाय. रेघ कुठाय?"

"तू सुतार हायस. गप बस."

नाथाजीनं हायस्कुलातनं काचेची एक बारीक कांडी मागून आणली, प्रयोगशाळेत पाणी ढवळायला असते तसली. ती लेझरच्या तोंडासमोर आडवी धरली आणि काय चमत्कार, ठिपक्याची सरळ रेघ झाली. लालासाहेब उठून उभाच राहिला. मग दोन दिवस दोघांनी दुसरं काही केलं नाही. ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून लेझरला घर केलं, आत तीन पेन्सिल सेल घातले, जुन्या बॅटरीचं बटण बसवलं आणि सगळं मशीनच्या डोक्यावर स्क्रूनं आवळलं. "डोळ्यात पडू देऊ नको रं, डोळं जातील," असं नाथाजी सारखा बजावत होता. लालासाहेबाला त्यावर हसावं की रडावं कळेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. आधी मशीन सरळ नव्वदवर ठेवलं. गुण्यानं रेघ मारली, बटण दाबलं. लेझर जरा इकडं, जरा तिकडं करत नाथाजीनं तांबडी रेघ बरोबर पेन्सिलीवर आणली. कापून बघितलं. पातं रेघेवरच पडलं. लालासाहेबाचा जीव भांड्यात पडला. ही तांबडी रेघ तर आंधळ्याला दिसेल! तीन वर्षं, चार वर्षं, जेवढी मिळतील तेवढी काढू रेटून, असा त्यानं मनातल्या मनात हिशेबही घातला.

मग दांडा फिरवून खिटी पंचेचाळीसच्या खाचेत बसवली. नवी पट्टी घेतली, गुण्यानं तिरकी रेघ मारली, बटण दाबलं, आणि लालासाहेबाच्या पायांखालची जमीनच सरकली.

रेघा दोन होत्या. अलीकडच्या कडेला एकत्र निघालेल्या, आणि पलीकडच्या कडेला जाईपर्यंत एकमेकींपासून दूर झालेल्या. अर्ध्या काडीच्या जाडीएवढं अंतर असेल. रंगांकडं त्याचं लक्षच गेलं नाही. त्यानं डोळे मिटले, चोळले, उघडले. दोनच.

तो मागच्या स्टुलावर बसला. आबाचं बोलणं कानात घुमायला लागलं. आलं म्हणायचं शेवटी, दारात येऊन उभं राहिलं.

"नाथा," तो म्हणाला. "तुला किती रेघा दिसत्यात?"

"दोन," नाथाजी सहज म्हणाला.

"काय?"

"दोन की. एक तांबडी, एक काळी. का?"

"खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलू नगंस. आईची आन घे."

"आरं, पिऊन आलायस का सकाळ सकाळ?"

लालासाहेबाचं एकट्या नाथाजीवर भागेना. तो तसाच रस्त्यावर धावला आणि समोर भाजीची पाटी घेऊन बसलेल्या मनुबाईला अक्षरशः हाताला धरून शेडात आणलं. मनुबाईनं चष्मा पदरानं पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाली, "दोन हायत्या. तुमची दोघांची पैज लागलीया व्हय? मग जितलेल्यानं माजी मेथी संपवायची." आणि गेली आपली पाटीकडं.

तिघांना दोन! म्हणजे रेघा खरोखरच दोन होत्या. डोळ्यांत नव्हत्या, लाकडावर होत्या.

मग त्याच्यातला सुतार जागा झाला. दोन रेघांतली एक खोटी असली पाहिजे. त्यानं गुण्या उलटापालटा करून चारदा रेघ मारली, चारही वेळा एकच आली. गुण्या खरा. मग खोटं कोण? आयुष्यात पहिल्यांदा त्यानं हत्याराकडं संशयानं बघितलं. मशीन कलतं केलं, गुडघ्यावर बसून खाचेत डोकावला. पंचेचाळीसच्या खाचेत काहीतरी पिवळं-तांबडं, दगडासारखं घट्ट बसलं होतं. टोच्यानं उकरून काढलं, तळहातावर घेतलं, नखानं फोडलं. आत तांदळाचा अख्खा दाणा.

अक्षता!

खंडेनवमीची पूजा. दरवर्षी हत्यारं धुऊन मांडायची, हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा. औंदा हे मशीन पहिल्यांदाच पूजेला बसलेलं. त्यातनं परदेशचं, म्हणून लालासाहेबानं हात सैल सोडलेला. बाकीच्या हत्यारांना चिमूटभर, तर ह्याला ओंजळभर. त्यातलं ओलं हळदकुंकू आणि अक्षता खाचेत गेल्या, वर भुसा आणि तेल बसलं, आणि वाळून त्याचा दगड झाला. खिटी खाचेत पूर्ण बसतच नव्हती, दाण्यावर टेकून बाजूला सरकत होती. ह्या तांदळाच्या दाण्यानं एका धडधाकट माणसाला चार महिने आंधळं करून ठेवलं होतं!

लालासाहेब हसायला लागला. हसता हसता खाली बसला, हसता हसता त्याच्या डोळ्यांतनं धारा लागल्या, आणि नाथाजी खरंच घाबरला. "लाला, आरं काय झालं रं?" मग लालासाहेबानं त्याला सगळं सांगितलं. नाथाजी ऐकत राहिला आणि शेवटी त्यानं एक सणसणीत शिवी हासडली. ती शिवी लालासाहेबाला कानात अत्तर घातल्यासारखी वाटली.

खाच साफ करून पुन्हा बटण दाबलं, तेव्हा काळी रेघ तांबडीखाली गडप झाली होती. कोपरा कापून भिडवला. फट नाही. भुसा भरलेल्या सगळ्या चौकटी लालासाहेबानं त्याच दुपारी मोडायला काढल्या.

जेवताना त्यानं लीलाबाईला सांगितलं. पावलं मोजल्याचं तेवढं लाजेनं गाळलं, बाकी आबाची गोष्ट, भीती, तांदळाचा दाणा, सगळं ओकून टाकलं. त्याला वाटलं, आता ही धारेवर धरणार. पण लीलाबाईनं ताटात भाकरी वाढली. मग आत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "तरी बी डोळं दाखवायचं. उद्याच्या उद्या. मी येती संगं."

आणि काय सांगावं, लालासाहेब हूं का चूं न करता सांगलीला गेला. डॉक्टरनं डोळ्यांत थेंब घातले, बोट टोचून रक्त बघितलं, दिवा धरून आत बघितलं. साखर नाही, पडदा स्वच्छ, चाळिशीचा नंबर तेवढा थोडा वाढलाय, म्हणाला. येताना दोघं वाट वाकडी करून मळ्यात उतरली. लालासाहेब थोरल्या भावाच्या बाजेवर तासभर बसला, त्याचा हात हातात धरून.

दिवस मावळायला घरी आले. लालासाहेब नुकताच टेकला होता, तोवर लीलाबाईनं पिशवी खुंटीला अडकवली, पदर खोचला आणि सोप्यातल्या लोखंडी कपाटाला हात घातला.

"धरा त्या बाजूनं."

"अगं, आत्ताच आलोय न्हवं? आन् हे काय दिवाळीला हलवून झाडलं न्हाईस व्हय?"

"न्हाई." लीलाबाई कपाटाकडंच बघत होती. "दसऱ्यापासनं घरातली एक वस्तू जागची हलवली न्हाई मी. हंडा न्हाई, पाट न्हाई, उंबऱ्यातल्या चपला बी न्हाईत. जावा म्हणाल्या, लीला आळशी झाली. म्हणू देत." तिनं कपाटाचा कोपरा घट्ट धरला. "तुमी डोळं मिटून पावलं मोजत होता. मदी काय आडवं आलं असतं म्हंजे?"

लालासाहेब उठला. त्यानं कपाटाची दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी मिळून ते पलीकडच्या भिंतीला नेऊन लावलं.